गिब रिव्हर रोडवर एकटीने: दुपारी दोनच्या आत मुक्काम

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोड या कच्च्या, निर्जन रस्त्यावर एकटीने जायचं ठरवलं तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाने मला मगरींबद्दल बजावलं. मगरी आहेतच, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते. पण तो रस्ता पार केल्यावर मला खात्रीने सांगावंसं वाटतं की एकट्या माणसाला तिथे खरा धोका दोन गोष्टींचा आहे: वेगाचा आणि उशिराचा. म्हणून निघण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर मी एकच नियम लिहिला होता. दुपारी दोनच्या आत मुक्कामी पोचायचं. तुम्हीही तोच लिहा. बाकीची बहुतेक तयारी त्यातूनच सुचत जाते.

कारण साधं आहे. हा भाग दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे जून-जुलैत हिवाळा असतो आणि दिवस लहान. रस्त्याच्या पूर्व टोकाला पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, पश्चिमेकडच्या ब्रूम या गावात साडेपाचच्या आत. संधिप्रकाशात वॉलबी आणि गुरं रस्त्यावर येतात, आणि इथल्या कुरणांना बहुतेक ठिकाणी कुंपणच नाही. चारनंतर रस्ता रिकामा होतो, कारण सगळे तंबू ठोकून बसलेले असतात. बारा वाजता टायर फुटला तर हातात पाच तास उजेड असतो आणि मागून येणाऱ्या गाड्या असतात. तोच टायर साडेचारला फुटला तर दोन्ही नसतं.

रस्ता कुठला, कसा

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला किंबर्ली हा प्रदेश आहे. डर्बी या खाडीकाठच्या गावापासून पूर्वेला कुनुनरा आणि विंडहॅमला जोडणाऱ्या हमरस्त्यापर्यंत सुमारे ६६० किलोमीटरचा हा रस्ता जातो. आतल्या स्टेशनांवरची गुरं बंदरापर्यंत नेता यावीत म्हणून तो बांधला गेला. (स्टेशन म्हणजे इथे गुरांचं कुरण, एकेका कुरणात आपला अख्खा तालुका मावेल.) दोन्ही टोकांना थोडं डांबर आहे. मधली खडी, लाल माती आणि नदीपात्रं मात्र जशीच्या तशी आहेत.

पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, हा रस्ता बंद असतो. मे ते ऑक्टोबर तो उघडा राहतो, पण नेमका कधी उघडेल हे पाऊस ठरवतो. जानेवारी २०२३च्या पुरात फिट्झरॉय क्रॉसिंगचा हमरस्त्यावरचा पूल मोडला आणि त्या वर्षी किंबर्लीतली कित्येक ठिकाणं बंद राहिली. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी, आणि नेटवर्क मिळेल तिथे पुन्हा, ‘मेन रोड्स’ या सरकारी रस्ते खात्याच्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती आणि उद्यान खात्याच्या संकेतस्थळावर घळी उघड्या आहेत का ते पाहा. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो, आणि विमाही हात वर करतो.

धबधबे पाहायचे तर मे अखेर ते जून मध्य हा काळ उत्तम. तरीही पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्याला मी जुलै सुचवेन. जुलैत शाळांच्या सुट्ट्या असतात आणि गर्दी असते. पण एकट्या प्रवाशाला इथली गर्दी हवीच असते. तासाभरात एखादी गाडी जाणार याची खात्री ही कुठल्याही उपकरणापेक्षा मोठी सोय आहे. दिवसा तिशीतलं ऊन असतं, रात्री दहा अंशांपर्यंत गारठा पडतो. सप्टेंबरच्या मध्यानंतर पारा चाळिशीकडे सरकतो. तेव्हा एकट्याने जाऊ नका.

गाडी

उंच बांधणीची, लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारे गिअर) असलेली फोर व्हील ड्राइव्हच हवी. भाड्याने घेत असाल तर करारात ‘गिब रिव्हर रोडला परवानगी’ असे शब्द आहेत का ते वाचा. खडीचा रस्ता, पाण्यातून गाडी नेणं, टायर आणि गाडीचा तळ या चार गोष्टींना विमा आहे का, हे एकेक करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. साध्या करारात बहुधा नसतो. ब्रूमला गाडी घेऊन कुनुनरा किंवा डार्विनला सोडता येते, त्याचे वेगळे पैसे पडतात. भारतातून येणाऱ्यांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा. इथेही गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे ती एक सवय तरी मोडावी लागत नाही.

स्टेपनी दोन घ्या

या भागावर सर्वांत जास्त वेळ द्या. गिबवर गाड्या थांबतात त्या इंजिनामुळे नव्हे, टायरमुळे.

रस्त्याचा पृष्ठभाग पन्हाळी पत्र्यासारखा असतो, आणि त्यात धारदार दगड. टायरमध्ये शहरातली हवा ठेवली तर तो दगडावर ताठ आदळतो आणि कापला जातो. हवा कमी केली की टायर दगडाभोवती दबतो. डांबर संपलं की गाडी बाजूला घ्या आणि हवा ३८-४० पीएसआयवरून २८-३०वर आणा. आतल्या खडकाळ फाट्यांवर २४-२६. हवा कमी म्हणजे वेगही कमीच ठेवायचा: मुख्य रस्त्यावर ८०च्या आत, फाट्यांवर ४०च्या आत. कमी हवेत जोरात चालवलं तर टायर तापून फुटतो, मग हवा कमी करूनही उपयोग नाही. हवा मोजायचं मापक आणि बॅटरीवर चालणारा कंप्रेसर स्वतःचा हवा.

टायर ‘लाइट ट्रक’ बांधणीचे, ऑल टेरेन हवेत. पूर्ण चाकाच्या दोन स्टेपन्या घ्या. भाड्याच्या गाडीला एकच असेल तर दुसरी मागून घ्या. सोबत ट्यूबलेस पंक्चर काढायचा संच, आणि जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी, नाहीतर जॅक मातीत रुततो.

आणि घरी, अंगणात किंवा पार्किंगमध्ये, एकट्याने चाक बदलून पाहा. मी पर्थला हे केलं तेव्हा पहिला नटच हलेना. गॅरेजमध्ये तो हवेच्या बंदुकीने आवळला होता. पाना लावून त्यावर उभी राहिले, तरी नाही. शेवटी हाताच्या बळाने सुटतील इतपतच नट पुन्हा आवळून घेतले आणि पान्यावर सरकवायला दीड हात लांबीचा लोखंडी पाइप विकत घेतला. पुढे वाटेत इमिंट्जी ही वस्ती आणि गॅल्व्हन्स घळ यांच्या मध्ये, सकाळी दहा वाजता, मागचं डावं चाक बसलं तेव्हा तो पाइपच कामी आला. चाक तीस किलोच्या वर भरतं. ते उचलायला जाऊ नका. फावड्याचं पातं चाकाखाली सरकवा आणि दांडा दाबून तरफेसारखं वर घ्या, म्हणजे बोल्टांची भोकं जुळवता येतात. मला पाऊण तास लागला. तेवढ्यात दोन गाड्या थांबून ‘ठीक आहे ना?’ विचारून गेल्या. पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. हे विसरायचं नाही.

रोज मुक्कामी पोचल्यावर दहा मिनिटं गाडीभोवती फिरा. टायरवर हात फिरवा, खाली वाकून काही गळतंय का पाहा, बॅटरीच्या जोडण्या आणि छतावरच्या कॅरिअरचे बोल्ट हलवून बघा. त्या पन्हाळी हादऱ्यांनी सगळं सैल होतं. शीतपेयाचे अॅल्युमिनियमचे डबे एकमेकांवर घासून भोकं पडतात. ते टॉवेलात गुंडाळा.

तुमची वाट कोण पाहतंय

मोबाइल चालतो तो टेल्स्ट्राचाच, तोही मोजक्या वस्त्यांपाशी. म्हणून तीन गोष्टी जवळ हव्यात.

पहिली, आणीबाणीचा बीकन. हातात मावणारं हे यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकेत देतं आणि तो कॅनबेरातल्या बचाव केंद्राला मिळतो. ऑस्ट्रेलियात त्याची नोंदणी मोफत होते. तुमच्या नावाने, घरच्यांच्या नंबरांसकट करा. हे यंत्र पिशवीत नको, अंगावर हवं. घसरून पडाल तेव्हा पिशवी दहा हात लांब असू शकते.

दुसरी, उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र. बीकनमध्ये फक्त ‘वाचवा’ म्हणता येतं. ‘पोचले, सगळं ठीक’ हे सांगायला हे लागतं.

तिसरी म्हणजे वाट पाहणारं माणूस. माझी आई नाशिकला. तिला रोजचा निरोप जायचाच, पण ठरलेली जबाबदारी मी पर्थमधल्या मैत्रिणीवर टाकली होती. यामागे कारण आहे: भारतातून ००० हा इथला आणीबाणीचा नंबर लागत नाही. घाबरलेल्या आईने रात्री कोणाला फोन करायचा? म्हणून ती व्यक्ती ऑस्ट्रेलियातली हवी. तिला रोजचा मुक्काम, गाडीचा नंबर आणि रंग, आणि एक ठरलेली वेळ लिहून द्या. आमचं ठरलं होतं: संध्याकाळी सहापर्यंत निरोप नाही आला तर पुढच्या मुक्कामाला फोन, सकाळी आठपर्यंत नाही तर पोलीस.

गाडीत यूएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल ४० लावून ठेवा. रोड ट्रेनवाले त्यावर बोलतात. दोन-तीन डबे जोडलेला असा ट्रक समोरून आला तर डावीकडे घेऊन थांबा आणि धूळ बसेपर्यंत निघू नका. मागून गाठला तर रेडिओवर विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्या धुळीत समोरचं काहीच दिसत नाही.

आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. हवेतून शोधणाऱ्याला गाडी दिसते, चालणारं माणूस दिसत नाही.

पाणी, इंधन, शिधा

पाणी माणशी रोज दहा लिटर धरा, आणि वर तीन दिवसांचं राखीव, दोन वेगळ्या कॅनमध्ये. एक फुटला तर दुसरा असतो.

इंधन डर्बीत पूर्ण भरा. पुढे इमिंट्जीला (सुमारे २२० किलोमीटर) आणि माउंट बार्नेट रोडहाउसला (सुमारे ३०६ किलोमीटर) मिळतं. बार्नेटला टाकी काठोकाठ भरा, कारण तिथून कुनुनरा फाटे धरून साडेचारशे किलोमीटरच्या घरात जातं. मधे एल क्वेस्ट्रो या स्टेशनवर मिळतं, पण त्यावर विसंबू नका.

खाण्याचा बाऊ नको. भाजणी, मेतकूट, पोहे, लसणाची चटणी या सामानाला ना फ्रीज लागतो ना वेळ. भारतातून आणत असाल तर विमानतळावरच्या अर्जावर प्रत्येक पदार्थ जाहीर करा. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतात; लपवलेल्याचा दंड होतो. ताजी फळं-भाज्या ब्रूमला घ्या. इतर राज्यांतून पश्चिम ऑस्ट्रेलियात फळं, भाज्या आणि मध आणायला निर्बंध आहेत, आणि डार्विनकडून येणाऱ्यांची कुनुनराच्या सीमेवर तपासणी होते. पश्चिमेकडून सुरुवात करायला मी सांगते त्याचं हे एक कारण. दुसरं कारण पेंटेकोस्ट नदी. ती शेवटी आलेली बरी, तोवर हात बसलेला असतो.

आता वाट

ब्रूम ते डर्बी २२० किलोमीटर, सगळं डांबर. डर्बीच्या धक्क्यावर भरती-ओहोटी पाहा. इथे पाण्याची पातळी अकरा मीटरपर्यंत चढते-उतरते. गावाबाहेर पोटाळलेल्या खोडाचं म्हातारं बोआब झाड आहे, ते कुंपणाबाहेरून पाहा. स्थानिक लोकांना ते पूज्य आहे. बोआब पहिल्यांदा बघताना मराठी माणसाला ते ओळखीचं वाटतं, आणि ते खरंच नात्यातलं आहे: आपल्याकडची गोरखचिंच याच कुळातली. २००८मध्ये असंच एक ३६ टनांचं झाड ट्रकवर घालून ३,२०० किलोमीटर दूर पर्थच्या किंग्ज पार्कमध्ये आणून लावलं. मी तिथे जाते तेव्हा त्याला किंबर्लीची आठवण देते.

पहिला मुक्काम विंडजाना घळ, इथल्या बुनुबा या मूळनिवासी लोकांची बांडिल्ङन. डर्बीपासून सुमारे १२० किलोमीटरवर उजवीकडे फाटा आहे, आत २१ किलोमीटर. नेपियर रांगेचा हा चुनखडक म्हणजे ३५ कोटी वर्षांहून जुन्या समुद्रातली रीफ आहे, उभी कापलेली. आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटींचा, हे आठवलं की मान आपोआप वर जाते. वाळूवर गोड्या पाण्यातल्या मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. त्या निमुळत्या तोंडाच्या, आणि छेडल्याशिवाय अंगावर येत नाहीत. तरी लांबूनच पाहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ३५ किलोमीटरवरचा टनेल क्रीक. डोंगराच्या पोटातून जाणारा पाऊण किलोमीटरचा बोगदा, आत काळोख, वटवाघळं आणि कधी गुडघाभर, कधी कंबरभर पाणी. सांधण दरी पाण्यातून केली असेल तर अंदाज येईल. भिजलेले चालतील असे बूट आणि दोन टॉर्च लागतात. इथे एकट्याने शिरू नका. बाहेर थांबा, एखादं कुटुंब येईल, त्यांना विचारून मागोमाग जा. मी तेच केलं आणि कोणी नाही म्हटलं नाही. बुनुबा योद्धा जांडामारा याने १८९४पासून गोऱ्या पोलिसांशी आणि वसाहतवाल्यांशी झुंज दिली ती याच डोंगरात. १८९७मध्ये तो टनेल क्रीकपाशीच मारला गेला. त्या अंधारातून चालताना ही गोष्ट माहीत असायला हवी.

पुढचा टप्पा बेल घळीचा, दलमान्यी. डर्बीपासून सुमारे २१५ किलोमीटरवर डावीकडे फाटा, आत वीसेक किलोमीटरवर सायलेंट ग्रोव्ह हा मुक्काम, तिथून दहा किलोमीटर गाडीने आणि मग किलोमीटरभर चाल. ज्या डोंगररांगेतून आपण जातो तिला पूर्वी बेल्जियमच्या राजा लिओपोल्डचं नाव होतं. काँगोत त्याच्या राजवटीने केलेल्या अत्याचारांमुळे ते २०२०मध्ये काढलं, आणि आता ती वुनामिन-मिलिवुंडी रांग आहे. बेलला दोन रात्री राहा. धबधब्याच्या माथ्यावर ओढा ओलांडून, चढून, मग खालच्या डोहात उतरावं लागतं. तो ओलांडायचा कातळ शेवाळलेला असतो. आपण पावसाळी ट्रेकला करतो तसंच करायचं: बसून, हातांचा आधार घेऊन. एकट्याने पाय मुरगळला तर तो डोह सुंदर असल्याचा काही उपयोग नाही. निघण्याआधी शेजारच्या तंबूवाल्यांना सांगून जा: ‘बेलला चाललेय, दुपारपर्यंत येते.’ इथल्या लोकांना यात वावगं वाटत नाही, उलट संध्याकाळी ते विचारायला येतात.

गॅल्व्हन्स घळ रस्त्यालगतच, किलोमीटरभर चालीवर. धबधब्याच्या माथ्यावर एक बोआब उभं आहे, आणि कातळावर वांजिना या देवतेचं चित्र. हे चित्र स्थानिकांच्या श्रद्धेतलं आहे. हात लावायचा नाही.

तिथून वीस किलोमीटरवर माउंट बार्नेट. रोडहाउसला पैसे भरून मागे सात किलोमीटरवर मॅनिंग घळीचा मुक्काम मिळतो. घळीची चाल नदीपलीकडून सुरू होते. दोर ओढत छोटी होडी पलीकडे न्यायची, नाहीतर पोहायचं. पुढे तासाभराची उघड्या माळावरची चाल, सावली नाही. सकाळी सातला निघा आणि तीन लिटर पाणी घ्या. डोह मोठा, खोल आणि स्वच्छ. मला सगळ्या वाटेत हाच सर्वांत आवडला, आणि त्यासाठी मी तिथे एक दिवस जास्त राहिले.

पुढचा टप्पा लांब: एलेनब्रे स्टेशनपर्यंत सुमारे १७० किलोमीटर. मधे उत्तरेला कालुंबुरू रस्त्याचा फाटा लागतो. मिचेल धबधबा तिकडे आहे. पहिल्या एकट्या फेरीत तो सोडा. तो रस्ता गिबपेक्षा पुष्कळ खडतर आहे, आणि त्या भूमीत जायला उंगू पासही आधी काढावा लागतो. एलेनब्रेला लोक गरम स्कोन खायला थांबतात. तुम्हीही थांबा, मुक्कामच करा.

पेंटेकोस्ट

एलेनब्रेपासून पेंटेकोस्ट नदी शंभरेक किलोमीटरवर. इथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, माणसाला खाणाऱ्या. इतर लहान ओढ्यांत आधी चालून खोली पाहतात, इथे पाण्यात पाय घालायचा नाही. काठापासून पाच मीटर लांब राहा. तंबू कोणत्याही मगरींच्या नदीपासून निदान पन्नास मीटर दूर ठोका, आणि काठावर भांडी धुऊ नका.

अलीकडे गाडी थांबवा आणि दुसरी गाडी जाईपर्यंत वाट पाहा, मग अर्धा तास लागो की दोन तास. ती कुठून जाते आणि पाणी चाकाच्या कुठवर येतं ते बघा. पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल तर थांबा आणि पलीकडून येणाऱ्यांना विचारा. तोवर इंजिन निवू द्या. मग लो रेंज, दुसरा गिअर, पट्टा बांधलेला, काचा खाली. चालण्याच्या वेगाने आत शिरा आणि गाडीपुढे छोटी लाट राहील इतपत गती सारखी ठेवा. मधे गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. तळ गोट्यांचा आहे, गाडी डुलते. स्टिअरिंग घट्ट धरा पण अंगठे आत अडकवू नका. पलीकडे चढल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा. समोर कॉकबर्न रांगेचे तांबडे कडे दिसतात. तिथे थांबून चहा घ्या, पण काठापासून लांब.

एल क्वेस्ट्रोला दोन रात्री पुरतात. झेबेडी झऱ्यांचं कोमट पाणी ताडांच्या सावलीत वाहतं, पण ते लोकांसाठी दुपारी बारापर्यंतच उघडं असतं, म्हणून सकाळी सगळ्यात आधी तिथे जा. एमा घळीची चाल एका बाजूने १.६ किलोमीटर, शेवटचा भाग मोठ्या धोंड्यांवरून. डोहाचं पाणी बर्फासारखं. उजव्या कडेला कातळातून कोमट पाणी झिरपतं तिथे टेकून बसा.

डांबर लागल्यावर थांबा आणि कंप्रेसरने टायर पुन्हा भरा. कमी हवेवर हमरस्त्याच्या वेगाने जाऊ नका. मग कुनुनरा. ब्रूमला परत जायचं असेल तर हॉल्स क्रीक आणि फिट्झरॉय क्रॉसिंगवरून हजारेक किलोमीटर डांबर आहे. ते दोन दिवसांत करा, त्याही रस्त्यावर संध्याकाळी गुरं असतात. आणि गावात शिरताच, आंघोळीच्याही आधी, वाट पाहणाऱ्या माणसाला फोन करून सांगा की फेरी संपली. मी कुनुनराच्या पेट्रोल पंपावरूनच केला. दुपारचा दीड वाजला होता.